मुलाचं वय आणि मनाची वाढ: सांगलीच्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

सांगली, मिरज, विटा, तासगाव, जत या भागातले पालक, आज्जी-आजोबा आणि शिक्षक जे प्रश्न हमखास विचारतात, ते इथे साधारण वयाच्या क्रमाने घेतले आहेत. आधी आपल्या मुलाच्या वयाचा प्रश्न वाचा, बाकीचे सवडीने.

मनाच्या वाढीचे टप्पे म्हणजे नेमकं काय?

सगळ्यात जास्त वापरली जाते ती मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांची मांडणी. १९५० साली त्यांनी जन्मापासून म्हातारपणापर्यंतचे आठ टप्पे मांडले. प्रत्येक टप्प्यावर माणसाच्या मनात एक ओढाताण चालू असते. पहिल्या दीड वर्षात विश्वास की अविश्वास. दीड ते तीन या काळात स्वायत्तता की लाज आणि शंका. तीन ते सहा पुढाकार की अपराधीपणा. सहा ते बारा उद्यमशीलता की न्यूनगंड. बारापासून अठरा-विसापर्यंत स्वतःची ओळख की गोंधळ. तरुणपणी जवळीक की एकटेपणा, मधल्या वयात पुढच्या पिढीसाठी काही करणं की साचून राहणं, आणि उतारवयात कृतार्थता की हताशा. (याच एरिक्सन यांनी पुढे गांधीजींवर पुस्तक लिहिलं आणि त्याला १९७० मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळालं.)

वयाचे आकडे ढोबळ आहेत. चार-सहा महिने इकडेतिकडे झाले म्हणून घाबरू नये. ही मांडणी मुख्यतः पाश्चात्त्य समाज बघून झाली आहे, हेही ध्यानात असू द्या. एकत्र कुटुंबात वाढणारं मूल तीन वर्षांचं झालं तरी आज्जीच्या हातून जेवत असेल, तर तेवढ्यावरून त्याची स्वायत्तता खुंटली असं होत नाही.

घरोघरी गाडी अडते ती बहुतेक एकाच कारणाने. चालू टप्प्याचं काम बाजूला पडतं आणि घरचे पुढच्या टप्प्याच्या मागे लागतात. खालची बरीचशी उत्तरं फिरून याच मुद्द्यावर येतात.

एखादा टप्पा नीट झाला नाही, तर पुढचं सगळं बिघडतं का?

नाही. पुढचं काम अवघड जातं, पण अशक्य होत नाही. पहिल्या वर्षात आई आजारी असलेलं मूल पुढे आज्जीपाशी, मावशीपाशी, कधी अंगणवाडीच्या ताईपाशीही विश्वास शिकतं. उलटही घडतं. छान चाललेलं मूल घरातल्या मृत्यूनंतर किंवा शाळा बदलल्यावर दोन पावलं मागे येतं. शिवाय अविश्वास मुळापासून उपटून टाकायचा नसतो. थोडा अविश्वास, थोडी लाज माणसाला लागते. पारडं कुठे झुकलंय एवढंच बघायचं.

रडलं की लगेच उचललं तर बाळाला सवय लागते म्हणतात. खरं आहे का?

पहिल्या सहा महिन्यांत तरी नाही. या वयाचं बाळ हट्ट करत नाही, त्याला तेवढी अक्कलच आलेली नसते. भूक, ओलं लंगोट, पोटातला गॅस, झोप आणि नुसतं जवळ कुणी हवं असणं, ही त्याच्या रडण्याची कारणं. दर वेळी पहिल्या मिनिटात धावायलाच हवं असंही नाही. बहुतेक वेळा कुणीतरी येतं, एवढा अनुभव त्याला पुरतो.

विश्वास बसतोय हे कसं ओळखायचं? सहा ते आठ आठवड्यांत बाळ तुमच्याकडे बघून हसायला लागतं. तीन-चार महिन्यांत तुम्ही आवाज काढलात की तेही उत्तरादाखल आवाज काढतं आणि तुमची वाट बघत थांबतं. ही देवाणघेवाण दिवसातून पुष्कळदा, प्रत्येकी अर्धा-एक मिनिट व्हायला हवी. अंघोळ, मालिश आणि लंगोट बदलणं या त्याच्या उत्तम वेळा. मालिश करणाऱ्या बाईचं लक्ष टीव्हीच्या मालिकेत असेल, तर तेल लागतं पण हे काम होत नाही.

बाळंतपणानंतर आई सतत रडते आहे, बाळाकडे बघवत नाही म्हणते, झोप उडाली आहे आणि हे दोन आठवड्यांच्या पुढे चाललंय, तर तिला डॉक्टरकडे न्या. "पहिलटकरीण आहे, होतं असं" म्हणून ढकलू नका. उपचार आईवर होतात, फायदा दोघांचा होतो.

आठ महिन्यांचं बाळ आता सख्ख्या आत्याकडेही जात नाही. माहेरी राहून माणूसघाणं झालं का?

उलट, हे प्रगतीचं लक्षण आहे. साधारण सातव्या-आठव्या महिन्यात बाळाला ओळखीचा चेहरा आणि परका चेहरा यांतला फरक कळतो, आणि समोरून गेलेलं माणूस कुठेतरी आहे हेही उमगायला लागतं. म्हणून आई मोरीत गेली तरी भोकाड पसरतं. दहा ते अठरा महिने हा याचा भर.

आपल्याकडे नेमक्या याच सुमारास बाळ माहेरहून सासरी येतं किंवा जावळाचा कार्यक्रम असतो. पंचवीस माणसं "ये माझ्याकडे" म्हणून हात पुढे करतात, आणि बाळ रडलं की सुनेला टोमणा बसतो. पाहुण्याने आधी आईशेजारी बसून पाच-दहा मिनिटं आईशीच बोलावं, बाळाकडे रोखून बघू नये, हातात डबा-चमचा घेऊन वाजवत राहावं. बाळ आपणहून सरकतं.

शी-शूची सवय कधी आणि कशी लावायची?

याची घाई सगळ्यात जास्त होते, म्हणून जरा सविस्तर. वयापेक्षा तयारी बघा. ती बहुतेक मुलांत दीड ते अडीच वर्षांच्या दरम्यान दिसते. चड्डी सलग दोन तास कोरडी राहते का? शी झाल्यावर किंवा होताना मूल सांगतं का, कोपऱ्यात जाऊन उभं राहतं का? "चप्पल घे आणि बाबांना दे" असं दोन भागांचं काम करतं का? चड्डी स्वतः खाली ओढता येते का? चारांतल्या तीन गोष्टी जमत असतील तर सुरुवात करा.

जेवणानंतर वीस-तीस मिनिटांनी बसवा, कारण पोट भरलं की आतडी आपसूक हलायला लागतात. एका वेळी पाच मिनिटं पुरेत. पाय टेकलेले हवेत, लोंबकळते पाय असले की जोर लावता येत नाही. भारतीय भांड्यावर लहान मुलाला पडायची भीती वाटते. तेव्हा आधी बाहेर छोटं पॉट ठेवा, महिन्याभराने ते संडासात न्या. झालं तर एक साधं "झाली बघ तुझी तू" पुरे. नाही झालं तर काहीच बोलायचं नाही.

बिघडतं कुठे? मूल शी अडवून धरतं. अडवली की शी कडक होते, कडक झाली की दुखतं, दुखलं की पुढच्या वेळी मूल आणखी अडवतं. बाहेरून हा हट्ट वाटतो आणि घरचे ओरडतात, त्याने चक्र पक्कं होतं. पाणी, पपई, पालेभाजी वाढवा, दूध फार होत असेल तर कमी करा. तरीही आठ-दहा दिवसांत फरक पडला नाही तर बालरोगतज्ज्ञ शी मऊ करणारं औषध देतात. सवय लावायचं काम तेवढा काळ बंद ठेवा.

रात्री गादी ओली होणं हा वेगळा विषय. पाच वर्षांपर्यंत तो आजार मानतच नाहीत. पाच वर्षांच्या शंभर मुलांमागे साधारण पंधरा मुलं रात्री अंथरूण ओलं करतात आणि दरवर्षी त्यांतली काही आपोआप थांबतात. आधी सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा सुरू झालं, किंवा सोबत फार तहान, लघवीला जळजळ असेल, तर मात्र वाट बघू नका. आणि ओली चादर वाळत घालताना शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं बोलू नका. या टप्प्यावरची लाज तिथूनच येते.

दोन वर्षांचं पोरगं बाजारात, मारुती रोडवर, खेळणं हवं म्हणून रस्त्यात लोळण घेतं. काय करायचं?

आधी गाड्यांपासून बाजूला उचला. मग खाली बसून, आवाज खाली आणून, एकच वाक्य: "तुला ती गाडी हवी होती, आज नाही घ्यायची." समजावून सांगायची ही वेळ नव्हे. रडणारं डोकं तर्क ऐकत नाही. शेजारी थांबा. बहुतेक लोळणी काही मिनिटांत विरतात.

सगळ्यात वाईट उपाय म्हणजे चार वेळा नाही म्हणून पाचव्यांदा घेऊन देणं. त्यातून मूल एवढंच शिकतं की पाचव्यांदापर्यंत रडायचं. आईने नाही म्हटलेलं आजोबांनी दुकानाबाहेर येऊन घेतलं, तर तेही हेच. बाजारात निघण्यापूर्वी घरातल्या मोठ्यांचं आपसात ठरलेलं असलं की निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं: भुकेल्या आणि झोप आलेल्या मुलाला बाजारात न्यायचं नाही, आणि दिवसभरात त्याला लहान लहान निवडी द्यायच्या. "निळा शर्ट की पिवळा?" चालेल. "अंघोळ करणार का?" असं विचारू नका, कारण "नाही" हे उत्तर तुम्हाला चालणार नसतं.

लोळण नेहमीच पंचवीस मिनिटांच्या वर जाते, मूल स्वतःला चावतं, डोकं आपटतं, किंवा चार वर्षांनंतरही रोज अनेकदा होतं, तर दाखवून घ्या.

बोलायला उशीर झालाय. "त्याचे वडीलही उशिरा बोलले" असं घरी म्हणतात. थांबू का?

थांबू नका. बारा महिन्यांपर्यंत बडबड नाही किंवा बोट दाखवणं, टाटा करणं नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थाचा शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत "मम्मी दे", "बाबा गेले" असे दोन शब्द जोडलेले नाहीत. किंवा कोणत्याही वयात आलेलं बोलणं गेलं. यातलं एक जरी असेल तर आधी कानाची तपासणी, मग विकासाची. हाक मारल्यावर न बघणं आणि हवी ती वस्तू दाखवायला बोटाऐवजी मोठ्या माणसाचा हात ओढून नेणं, या दोन गोष्टी डॉक्टरांना आवर्जून सांगा. तपासणीत काही निघालं नाही तर आनंदच आहे, पण वडिलांच्या भरवशावर गेलेलं वर्ष परत मिळत नाही.

केजीत रोज दोन पानं लिहायला देतात. साडेतीन वर्षांचं मूल रडतं.

रडणारच. तीन बोटांत पेन्सिल नीट धरायला बहुतेक मुलांना चार-पाच वर्षं लागतात. त्याआधी मनगट आणि बोटं तयार व्हायला हवीत. त्यासाठी शेंगा सोलू द्या, कणकेचा गोळा मळू द्या, मटकी आणि तांदूळ वेगळे करू द्या, कपड्याचे चिमटे लावू द्या. पहिलीचं वय सहा वर्षं धरलं जातं आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तेच आहे. साडेतीनला लिहिणारं मूल आठव्या वर्षी पुढे असतं, असं काही दिसत नाही.

या टप्प्याचं खरं काम म्हणजे पुढाकार: खेळ स्वतः रचणं, प्रश्न विचारणं, "मी दुकानदार, तू गिऱ्हाईक". घरात भाजी आणली की तराजू मांडणारं मूल लिहिणाऱ्या मुलापेक्षा मागे नाही. पुढाकार सारखा मोडला की त्याची जागा अपराधीपणा घेतो. त्यातून या वयात मुलाला वाटत असतं की आपल्या मनात आलं म्हणून गोष्टी घडतात. "तू त्रास देतोस म्हणून आई आजारी पडली" हे वाक्य मोठ्यांसाठी बोलण्याची रीत असेल, मूल ते शब्दशः घेतं. घरात कुणी वारलं, आईवडील भांडून वेगळे झाले, तर "हे तुझ्यामुळे झालं नाही" असं न विचारताही सांगा, आणि एकदाच सांगून थांबू नका.

याच वयात शरीराच्या सगळ्या भागांची सरळ नावं आणि "इथे कुणी हात लावला तर मला सांग, मी रागावणार नाही" हे शिकवायचं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे आणि त्यात अठरा वर्षांखालची सगळी मुलं-मुली येतात, मुलगेसुद्धा.

आम्ही गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यात परराज्यात असतो. मूल गावी आज्जी-आजोबांपाशी ठेवलंय. त्याचं नुकसान होतंय का?

खानापूर-आटपाडी भागात हा प्रश्न घरोघरचा आहे. फौजेत असलेल्यांच्या घरीही थोड्या फरकाने तोच. आईवडील दूर असण्याने आपोआप नुकसान होत नाही. नुकसान करतात तीन गोष्टी: जबाबदार माणूस सारखं बदलणं, फसवून निघून जाणं, आणि दोन घरांचे दोन कायदे.

एक माणूस ठरवा, आज्जी म्हणजे आज्जी. सहा महिने आज्जी, मग चुलती, मग मामाकडे असं करू नका, विशेषतः तीन वर्षांखाली. निघताना डोळा चुकवून जाऊ नका. मूल रडेल म्हणून झोपेत निघून गेलेले आईवडील मुलाला एवढंच शिकवतात की झोपलं की माणसं जातात, आणि मग ते महिनाभर नीट झोपत नाही. मुलाला सांगून, त्याच्यासमोर निघा. परत कधी येणार ते त्याला समजेल असं सांगा: "गणपतीला येणार."

फोनची वेळ ठरलेली हवी, रोज पाच-दहा मिनिटं. त्यात "अभ्यास केला का, त्रास देत नाहीस ना" एवढंच असेल तर तो फोन न होता हजेरी होते. आज दुकानात काय झालं ते तुम्ही आधी सांगा. लहान मुलाला पडद्यावरच्या चेहऱ्याशी बोलणं कंटाळवाणं होतं. आज्जीने मोबाइल धरून खेळ दाखवत राहावं, बोलायचा आग्रह नको.

सुट्टीला आलात की पहिले दोन-तीन दिवस मूल जवळ येणार नाही, किंवा येऊन चिकटेल आणि मारेलही. दोन्ही नेहमीचंच. या दिवसांत शिस्त लावायला जाऊ नका, आणि आज्जीने लाडावून ठेवलंय हे तिच्यासमोर, मुलासमोर तर मुळीच बोलू नका. तुम्ही पंधरा दिवसांनी जाणार, मूल तिच्यापाशीच राहणार.

मुलाला सोबत नेणार असाल तर उन्हाळ्याच्या सुट्टीत न्या, म्हणजे नव्या भाषेत कान बसायला वेळ मिळतो. नव्या शाळेत मूल काही महिने गप्प राहू शकतं. ऐकून साठवण्याचा हा काळ असतो. घरात मराठी बंद करू नका. नववी-दहावीच्या मधोमध मात्र हलवू नका.

सहा ते बारा या वयात सगळं लक्ष मार्कांवर असावं का?

या टप्प्याचं काम म्हणजे "मला जमतं" हा अनुभव गोळा करणं. मार्क ही त्याची एक वाट. सायकलचं पंक्चर काढणं, दुकानात सुटे पैसे मोजून देणं, भाकरी थापणं, कबड्डी, तबला, याही त्याच तोलाच्या वाटा. शिष्यवृत्तीची परीक्षा, नवोदयची परीक्षा, साताऱ्याच्या सैनिक स्कूलची परीक्षा अशा तीन-तीन तयाऱ्या दहा वर्षांच्या मुलावर एकदम लादल्या, तर एकात यश आणि दोनांत अपयश हा चांगला निकालही त्याला हार वाटतो. एकच निवडा.

"हुशार आहेस" या कौतुकाचा उपयोग कमी आणि तोटा जास्त. मग मूल अवघड गणिताला हात लावत नाही, हुशारी जाईल ना! "हातचा विसरला होतास, तो तुझा तू शोधलास" असं नेमकं बोला.

दुसरी-तिसरीत गेल्यावरही अक्षरं उलटी येतात, वाचताना ओळ सुटते, तोंडी सगळं येतं पण कागदावर उतरत नाही, तर आळशी म्हणण्याआधी अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. त्यावर परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती आहेत. पालक त्या घ्यायला लाजतात आणि मूल मात्र रोज मार खातं.

शिक्षकांचा प्रश्न: ऊसतोडणीच्या टोळीतली मुलं मध्येच वर्गात येतात आणि बोलतच नाहीत.

हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्च-एप्रिलला संपतो, म्हणजे ही मुलं शाळेचं अर्धं वर्ष एकीकडे आणि अर्धं दुसरीकडे काढतात. पहिल्या आठवड्यात इयत्तेचं पुस्तक बाजूला ठेवा. मुलाला नेमकं काय येतं ते तोंडी बघा, त्याच्या पातळीच्या एक पायरी खालचं काम द्या, म्हणजे पहिल्या दिवशी काहीतरी पुरं होईल. नऊ वर्षांची मुलगी कोपीवर (टोळीच्या झोपडीवर) धाकट्याला सांभाळते, चूल पेटवते, मोळ्या मोजते. तिला मोजता येतं. गणित तिथूनच सुरू करा. बोली वेगळी असेल तर वर्गाला हसू देऊ नका.

मुलगी नवव्या वर्षीच वयात यायला लागली. हे लवकर आहे का?

मुलींमध्ये आठ ते तेरा आणि मुलांमध्ये नऊ ते चौदा यांदरम्यान बदल सुरू होणं नेहमीचं. आठच्या आधी मुलीत किंवा नऊच्या आधी मुलात बदल दिसले तर डॉक्टरला दाखवा. मुलीत तेरापर्यंत आणि मुलात चौदापर्यंत काहीच सुरू झालं नाही, किंवा पंधरापर्यंत पाळी आली नाही, तरीही दाखवा.

अडचण अशी की शरीर पुढे पळतं, मन वयाप्रमाणेच चालतं. दहा वर्षांची उंच मुलगी तेराची दिसते म्हणून तिच्याकडून तेराचं वागणं मागितलं जातं, आणि खेळणं बंद होतं. ती अजून उद्यमशीलतेच्या टप्प्यात आहे. तिला लंगडी खेळू द्या. पाळीबद्दल ती येण्याआधी सांगा, आल्यावर नव्हे. मुलग्यांनाही स्वप्नदोष म्हणून जे सांगतात ते आजारपण नसतं, हे वडिलांनी किंवा मामाने सांगितलेलं बरं. नाहीतर ते भिंतीवरच्या "गुप्तरोग" जाहिरातींकडे जातात.

दहावीनंतर काय करायचं हे पोराला ठरवता येत नाही. आम्हीच ठरवून टाकू का?

मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्शिया यांनी १९६६ मध्ये ओळखीच्या टप्प्याचे चार प्रकार सांगितले. शोध न घेता दुसऱ्याने दिलेलं स्वीकारलेलं. शोध चालू, निर्णय बाकी. ना शोध ना निर्णय. आणि शोधून ठरवलेलं. तुमचा मुलगा दुसऱ्या प्रकारात असेल तर ते आरोग्याचं लक्षण आहे. तुम्ही ठरवून टाकलंत की तो पहिल्यात जातो. पहिला प्रकार दिसायला सगळ्यात शांत. बापाची द्राक्षबाग, मुलगा बागेत, वाद नाही. कधी कधी तो खरोखर चालतो. पण पंचविशीत बागेचा हंगाम बुडाला की "मी कधी निवडलंच नव्हतं" असा राग वर येतो. तोच मुलगा नर्सरी, प्रयोगशाळा, बाजारपेठ बघून पुन्हा बागेत आला, तर बाग तीच राहते पण ती त्याची होते.

शोध म्हणजे करिअरच्या भाषणाला बसणं नव्हे. नववीच्या सुट्टीत पाच ठिकाणी एकेक दिवस बसवा: मिरजेत सतार बनवणाऱ्या कारागिराकडे, तासगावात बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये, एखाद्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये, गॅरेजमध्ये, वकिलाच्या कार्यालयात. तिथल्या माणसाला तीन प्रश्न विचारून यायचं: दिवसातलं सगळ्यात कंटाळवाणं काम कोणतं, शिकायला किती वर्षं लागली, आणि पैसे केव्हा दिसायला लागले. कल चाचणी करायला हरकत नाही, पण ती या पाच दिवसांनंतर.

चिंता करायची ती तिसऱ्या प्रकाराची. काहीच नको, कशातच रस नाही, दिवसभर मोबाइल. तिथे आळसाखाली नैराश्य आहे का, ते तपासून घ्या.

मित्रांपायी बिघडतोय. मावा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खायला लागलाय.

या वयात मेंदूचा बक्षिसाला उसळणारा भाग जोरात असतो आणि आवर घालणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत तयार होत राहतो. म्हणून एकटा असताना शहाणा असलेला मुलगा चार जणांत वेडेपणा करतो. मित्र तोडायला सांगणं बहुधा फसतं, कारण ओळख सापडेपर्यंत टोळी हीच ओळख असते. टोळी बदलायची असेल तर दुसरी जागा द्यावी लागते: तालीम, ढोलपथक, क्रिकेटचा संघ, पोहायचा क्लास, जिथे मोठं माणूस जवळपास असतं.

माव्याबद्दल "कॅन्सर होतो" यापेक्षा "तोंड उघडेनासं होतं, तीन बोटं जात नाहीत" हे जास्त पोचतं, आणि ते खरंही आहे. सुपारीने तोंडाच्या आतली कातडी ताठरते. किती पुड्या, कधीपासून, हे आधी शांतपणे ऐका. पहिल्या दिवशी मारलंत तर दुसऱ्या दिवशी खोटं ऐकाल.

मोबाइल किती वेळ?

दोन वर्षांखाली नाहीच, व्हिडिओ कॉल सोडून. दोन ते पाच, दिवसाला एक तासाच्या आत, शेजारी कुणी बसलेलं. पुढे तासांपेक्षा झोप, खेळ, जेवण यातलं काय बुडतंय ते बघा. जेवताना आणि झोपायच्या खोलीत फोन नको, आणि हा नियम बाबांनाही.

महापुराच्या आठवड्यात मोठं मूल पुन्हा अंगठा चोखायला लागलं.

२०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या घरांत सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ४० फुटांच्या इशाऱ्याकडे सरकली की मोठी माणसं दर तासाला फोन बघतात. मुलं पाणी बघत नाहीत, तुमचा चेहरा बघतात. मागच्या टप्प्यावर घसरणं, म्हणजे अंगठा, अंथरूण ओलं करणं, एकटं न झोपणं, हे अशा वेळी नेहमीचं आहे आणि घर स्थिरावलं की काही आठवड्यांत ओसरतं. त्यावरून चिडवू नका. मुलाला एक काम द्या: त्याची पिशवी, त्यात दप्तर, एक खेळणं, एक चादर. निवारा केंद्रात गेलात तरी झोपेची वेळ आणि गोष्ट तीच ठेवा. महिना उलटला तरी स्वप्नं, दचकणं, शाळेला नकार चालू असेल तर दाखवा.

मुलगा सत्तावीस वर्षांचा, पुण्यात एमपीएससी करतोय. लग्नाचं विचारलं की चिडतो.

कायद्याने तो अठराव्या वर्षीच सज्ञान झाला आणि एकविसाव्या वर्षी लग्नाला पात्र. मनाने प्रौढ होण्याची खूण वेगळी: स्वतःचा निर्णय, स्वतःचा खर्च, आणि निर्णय चुकला तर स्वतः निस्तरणं. एरिक्सन यांच्या मते ओळख बसल्याशिवाय जवळीक जमत नाही. आपण कोण हेच ठरलं नसेल तर दुसऱ्याला जवळ येऊ देणं धोक्याचं वाटतं. (स्त्रियांच्या बाबतीत ओळख आणि नाती सोबतच घडतात, अशी टीका मानसशास्त्रज्ञ कॅरोल गिलिगन यांनी १९८२ मध्ये केली, आणि आपल्याकडे ती जास्त लागू पडते.) म्हणून निकाल लागत नाही तोवर लग्नाचा विषय म्हणजे त्याला दुहेरी परीक्षा वाटते.

खुल्या गटाला राज्यसेवा अडतीस वर्षांपर्यंत देता येते. म्हणजे नियम थांबवत नाही, आपणच थांबायचं ठरवावं लागतं. त्याला बसवून तीन गोष्टी कागदावर घ्या: आणखी किती प्रयत्न, कोणत्या महिन्यापर्यंत, आणि न झाल्यास पुढच्या सोमवारी काय करणार. महिन्याचा खर्च आकड्यात ठरवा आणि त्यातला थोडा वाटा त्याने शिकवणी घेऊन किंवा अर्धवेळ काम करून उचलावा. रक्कम लहान असली तरी चालेल. "किती दिवस पोसायचं" हे वाक्य मात्र कागदात नको आणि तोंडातही नको.

लग्न ठरवून सगळं मार्गी लागेल हा समज सगळ्यात महागात पडतो, आणि किंमत परक्याच्या मुलीला मोजावी लागते.

थांबू नये अशी लक्षणं कोणती?

"मी नसलो तर बरं होईल" असं बोलणं, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, हातावर कापल्याच्या खुणा, झोप-जेवण पार बदलणं, अचानक सगळ्यांपासून तुटणं; आणि निकालाच्या आसपास यातलं काहीही. थेट विचारा: "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही. कीटकनाशकाच्या बाटल्या त्याच दिवशी कुलपात ठेवा. शेतकरी घरात हे सगळ्यात आधी. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही. मुलांवरच्या अत्याचारासाठी १०९८.

दाखवायचं तर कुणाला, आणि जाताना काय न्यायचं?

सहा वर्षांखाली आधी बालरोगतज्ज्ञ. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. त्यांच्याकडून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची (वाढीतल्या अडचणी लवकर हाताळणारं सरकारी केंद्र) चिठ्ठी मिळू शकते. औषध देतो तो मनोविकारतज्ज्ञ, चाचण्या आणि उपचारसंवाद करतो तो चिकित्सा मानसशास्त्रज्ञ. समुपदेशक हे नाव कुणीही लावतो, तेव्हा शिक्षण विचारायला लाजू नका.

सोबत लसीकरणाचं कार्ड, मागच्या दोन वर्षांच्या वह्या (फक्त प्रगतिपुस्तक नको), आणि त्रास होतानाचा मोबाइलवरचा एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ न्या. आठवडाभर एका कागदावर तारीख, वेळ, आधी काय झालं आणि नंतर तुम्ही काय केलं एवढं लिहून ठेवलंत, तर पहिल्या भेटीत अर्धा तास वाचतो. मुलाला "फिरायला जाऊया" असं खोटं सांगून नेऊ नका. "तुला वर्गात बसायला त्रास होतो ना, त्याबद्दल एका डॉक्टर ताईंशी बोलायचंय, सुई नाही टोचणार" एवढं आदल्या रात्री सांगा.